न जुळलेली शक्यता आणि ‘शेष’ : संगणकीय भाषांतील एक प्रश्न

वर्गीकरणाच्या कोणत्याही व्यवस्थेला एक प्रश्न टाळता येत नाही : योजलेल्या वर्गांपैकी एकातही न बसणाऱ्या गोष्टीचे काय करावयाचे? आर्ने-थॉम्प्सन यांच्या लोककथासूचीच्या १९६१ च्या आवृत्तीत अखेरचे २४०० ते २४९९ हे क्रमांक अवर्गीकृत कथांसाठी राखलेले आहेत. पाणिनीने मध्यम आणि उत्तम पुरुषांचे विषय आधी सांगून उरलेले सर्व ‘शेष’ म्हणून प्रथम पुरुषाकडे सोपविले. दोन्ही ठिकाणी उरलेल्याची नोंद उघडपणे केलेली आहे. संगणकीय भाषांतील ‘पॅटर्न मॅचिंग’, म्हणजे आकृतिबंध-जुळणी, या संकल्पनेत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो.

आकृतिबंध-जुळणीत प्रोग्रॅमला मिळालेले मूल्य ओळीने लिहिलेल्या आकृतिबंधांशी ताडून पाहिले जाते आणि जो प्रथम जुळेल त्याच्यापुढील कृती पार पाडली जाते. बेल प्रयोगशाळेत १९६२ पासून विकसित झालेल्या स्नोबॉल या भाषेत ही जुळणी अक्षरमालिकांची होती; ती फसल्यास पुढे कोठे जावयाचे, हे विधानातच लिहिता येत असे. पुढे होप आणि एमएल या भाषांच्या परंपरेत अक्षरांऐवजी मूल्यांच्या रचनेची जुळणी रूढ झाली.

प्रश्नाचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. नामाच्या लिंगानुसार विशेषणाचे रूप देणारा एक प्रोग्रॅम हिंदीसाठी लिहिलेला आहे. त्यात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशा दोनच शाखा आहेत. तो मराठीसाठी वापरावयाचा म्हणून लिंगांच्या यादीत नपुंसकलिंगाची भर घातली, परंतु जुळणीत तिसरी शाखा लिहावयाची राहून गेली. आता ‘घर’ हे नाम आल्यावर काय व्हावे?

या प्रश्नाला भाषांनी दिलेली उत्तरे मुख्यतः तीन आहेत. पहिले मौनाचे. २०२१ मध्ये पायथन ३.१० मध्ये आलेल्या जुळणीत एकही शाखा लागू न पडल्यास काहीच घडत नाही आणि प्रोग्रॅम पुढे जातो. पर्यायी शाखा नसलेले ‘जर-तर’ विधानही असेच वागते, ही या भूमिकेमागील संगती होय. मात्र चूक जेथे घडली तेथून दूर कोठेतरी प्रकट होते, किंवा होतही नाही. दुसरे उत्तर थांबण्याचे. स्टँडर्ड एमएलमध्ये अपूर्ण जुळणीविषयी कंपायलर सूचना देतो आणि तरीही प्रोग्रॅम चालविल्यास न जुळलेल्या मूल्यापाशी ‘मॅच’ नावाचा अपवाद उद्भवतो. अर्लँगमध्येही अशा ठिकाणी त्रुटी निर्माण होते. तिसरे उत्तर नकाराचे. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट या भाषेत सर्व शक्यता हाताळल्याखेरीज प्रोग्रॅम सिद्धच होत नाही. नपुंसकलिंगाची उणीव येथे ‘घर’ येण्यापूर्वीच दिसते.

तथापि नकारालाही एक पळवाट आहे. ‘इतर सर्व’ असा सर्वसमावेशक आकृतिबंध शेवटी लिहिला की कंपायलरचे समाधान होते. मूळ प्रोग्रॅममध्ये ‘पुल्लिंग’ आणि ‘इतर’ अशा दोन शाखा असत्या तर नपुंसकलिंग मुकाट्याने दुसरीत जमा झाले असते आणि ‘चांगली घर’ असे रूप बिनतक्रार बाहेर पडले असते. पाणिनीचा शेष आणि हा ‘इतर’ दिसावयास सारखे असले तरी त्यांच्यात मोठे अंतर आहे. पहिल्यात उरलेल्याचा विचार झालेला आहे. दुसऱ्यात तो टाळलेला आहे.

यावरून एक भेद करणे आवश्यक ठरते. लिंगांसारखी यादी जेथे बंद आणि ज्ञात असते, तेथे प्रत्येक शक्यता नावानिशी लिहावी, सर्वसमावेशक शाखा टाळावी आणि अपूर्णता प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच नाकारली जावी. बाहेरून येणारा मजकूर किंवा संदेश यांसारखी यादी जेथे खुली असते, तेथे संपूर्णतेचा आग्रह निरर्थक ठरतो. तेथे शेषाची शाखा अपरिहार्य आहे, पण तिने न ओळखलेल्याची नोंद केली पाहिजे किंवा काम थांबविले पाहिजे. एखादी यादी पुढे वाढेल हे तिच्या कर्त्याला घोषित करता यावे, अशी सोय रस्टमध्ये २०१९ पासून आहे. तशी घोषणा केलेल्या यादीचा बाहेरून वापर करणाऱ्यास शेषाची शाखा लिहावीच लागते. २०२३ च्या जावा २१ मध्ये संपूर्णता आधी तपासली जाते. तरी नंतर स्वतंत्रपणे बदललेल्या यादीमुळे न जुळणारे मूल्य उद्भवल्यास प्रोग्रॅम अपवाद उपस्थित करतो. पूर्वपरीक्षा आणि प्रत्यक्ष थांबणे हे येथे परस्परपूरक आहेत.

एका भाषेसाठी घडविलेली चौकट दुसरीला लावताना काय निसटते, हा तौलनिक अभ्यासाचा नित्याचा प्रश्न आहे. चौकट अपुरी असणे हा दोष क्षम्य आहे, कारण तो दिसला की दुरुस्त होतो. अपुरेपणा झाकणारी चौकट मात्र नपुंसकलिंग नाहीच असे मानून चालते, आणि ती चुकली हे कोणाच्या लक्षातही येत नाही.