नोक्सेनची सात सेकंदं

निळं बटण दाबलं की शेजारच्या यंत्रातल्या छोट्याशा काचेमागे दिवा लागतो आणि एक चिठ्ठी दिसते. तिच्यावर आपण निवडलेल्या उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह. सात सेकंदांनी ती कापली जाऊन खालच्या मोहोरबंद पेटीत पडते. हे यंत्र म्हणजे व्हीव्हीपॅट. आज गावोगावच्या झेडपी शाळेतल्या मतदान केंद्रावर ते इतकं ओळखीचं झालंय, की त्याची सुरुवात कुठे झाली असेल असा प्रश्नही पडत नाही.

ती झाली नागालँडच्या डोंगरांत. तुएनसांग जिल्ह्यातला नोक्सेन हा अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला विधानसभा मतदारसंघ. तिथे ४ सप्टेंबर २०१३ रोजी पोटनिवडणूक झाली. मतदान केंद्रं अवघी २१. आपल्याकडच्या एखाद्या विधानसभा मतदारसंघात याच्या दहापट केंद्रं सहज भरतात! तरीही देशात खऱ्याखुऱ्या मतदानात व्हीव्हीपॅट पहिल्यांदा वापरलं गेलं ते इथेच.

एवढ्या लांब का जायचं? माझ्या मते याचं उत्तर पोटनिवडणुकीच्या स्वभावातच आहे. जागा एक, केंद्रं मोजकी, सरकार सहसा पडत नाही की बनत नाही. काही बिघडलंच तर मूठभर केंद्रांवर फेरमतदान घेता येतं. नवं यंत्र खऱ्या मतदारांसमोर आणायला याहून सोयीची संधी नाही. अर्थात ही सोय निवडणूक आयोगाची. नोक्सेनच्या मतदाराला त्या दिवशी एकच मत होतं आणि ते प्रयोगाचं नव्हतं.

इथे तीसेक वर्षं मागे गेलं की गंमत कळते. मतदान यंत्रच मुळात पहिल्यांदा वापरलं गेलं १९८२ साली, केरळातल्या परूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर. निकाल लागला अवघ्या १२३ मतांनी. हरलेले ए. सी. जोस न्यायालयात गेले आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. कायद्यात यंत्राने मतदान घेण्याची तरतूदच नव्हती. त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकांवर फेरमतदान झालं आणि या वेळी जोस जिंकले. यंत्राला कायद्यात जागा मिळायला त्यानंतरही काही वर्षं गेली.

नोक्सेनच्या वेळी ही चूक होऊ दिली नाही. १४ ऑगस्ट २०१३ला निवडणूक नियमांत दुरुस्ती झाली आणि बरोबर २१ दिवसांनी नोक्सेनला मतदान झालं. त्याआधी २०११च्या जुलैमध्ये चाचण्या झाल्या होत्या, आणि त्यासाठी निवडलेल्या जागा पाहून कौतुक वाटतं: लडाख, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुअनंतपुरम आणि पूर्व दिल्ली. थंडी, वाळवंटाचं ऊन, धो धो पाऊस, समुद्राकाठचा दमटपणा आणि महानगराची गर्दी, सगळ्यांत यंत्र घासून पाहिलं. नोक्सेननंतर महिन्याभराने, ८ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने ते टप्प्याटप्प्याने सगळीकडे आणायला सांगितलं.

मला सगळ्यात चतुर वाटते ती चिठ्ठी हातात न देण्याची युक्ती. ती घरी नेता आली असती, तर पैसे वाटणाऱ्याने संध्याकाळी दारात येऊन तीच मागितली असती. म्हणून काच. मतदाराची खात्री पटते, पण दुसऱ्याला दाखवायला त्याच्याकडे पुरावा उरत नाही.

आता महाराष्ट्राकडे या. २८ मे २०१८, भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणूक. विदर्भातला मे महिना! व्हीव्हीपॅट ठिकठिकाणी बंद पडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. त्याच दिवशी उत्तर प्रदेशातल्या कैरानातही हेच घडलं. यंत्रावर थेट प्रखर प्रकाश पडल्याने आतला संवेदक गोंधळला, असं कारण आयोगाने दिलं. पुढे त्या संवेदकावर आडोसा बसवला गेला आणि दमट हवेत टिकेल असा कागद आला. जैसलमेरला जे ध्यानात आलं नाही, ते पोटनिवडणुकीने दाखवून दिलं.

या चिठ्ठ्या पेटीतच पडून राहत नाहीत. २०१९पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रं सोडत काढून निवडतात आणि तिथल्या चिठ्ठ्या हाताने मोजतात. हे काम बँकेतल्या रोखपालाच्या पिंजऱ्यासारख्या जाळीच्या कक्षात चालतं, कुणाचा हात पोचू नये म्हणून. महाराष्ट्राच्या २८८ मतदारसंघांचा हिशेब धरला तर अशा १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या होतात.

आणि यंत्राचा आकडा एक, चिठ्ठ्यांचा दुसरा असं झालं तर? नियम स्पष्ट आहे. चिठ्ठ्यांचा आकडा धरायचा.