आईची कोलोनोस्कोपी, बाबांची कोलोनोस्कोपी: फरक कुठे पडतो?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा ज्यांच्या गावात रेंज शोधायला टेकडी चढावी लागते, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

विषय जरा लाजेचा आहे, म्हणून थेटच बोलतो. शौचाच्या जागेतून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासतात, ती कोलोनोस्कोपी. चंद्रपूर-गडचिरोलीतली कितीतरी पोरं आई-बाबांना घेऊन या तपासणीसाठी नागपूर किंवा सेवाग्राम गाठतात. फॉर्म तुम्हीच भरता, पावडर कशी घ्यायची ते तुम्हीच समजावता. मग एक गोष्ट तुम्हाला माहीत असायलाच हवी: तपासणी तीच असली तरी बाईच्या आणि पुरुषाच्या शरीरात तिचा रस्ता सारखा नसतो.

आधी मशीन समजून घेऊ

ही दुर्बीण म्हणजे बोटाएवढी जाड, वाकणारी लांब नळी. टोकाला कॅमेरा आणि लाइट. आतडं फुगवण्यासाठी हवा, कार्बन डायऑक्साइड किंवा पाणी सोडतात. नळी गुदद्वारातून आत जाते, आधी डावीकडून वर, मग पोटात आडवी आणि शेवटी उजवीकडे खाली, अपेंडिक्स असतं त्या टोकापर्यंत. या टोकाला सीकम म्हणतात. नळी सीकमपर्यंत पोहोचली तर तपासणी पूर्ण झाली. वाटेत कोंबासारखी गाठ, म्हणजे पॉलिप दिसला, तर बहुतेकदा तिथेच काढता येतो. काही पॉलिप पुढे कॅन्सरमध्ये बदलू शकतात, म्हणून हे महत्त्वाचं.

बाईचं आतडं जास्त लांब

आश्चर्य वाटेल, पण खरं आहे. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये बेरियम एक्स-रेवरून मोठ्या आतड्याची लांबी मोजली. पुरुषांमध्ये ती साधारण १४५ सेंटिमीटर निघाली आणि बायकांमध्ये १५५. उंची कमी, आतडं मात्र लांब! शिवाय आतड्याचा आडवा भाग ओटीपोटापर्यंत लोंबलेला सापडला १०० पैकी ६२ बायकांमध्ये, तर पुरुषांमध्ये फक्त २६ जणांमध्ये.

आता कल्पना करा. लांब पाइप, छोटी जागा, मग वळणं जास्त. नळी पुढे ढकलली की आतडं ताणतं, तिचा फास पडतो, कळ येते. सडपातळ बाईमध्ये हे आणखी कठीण होतं, कारण आतड्याला आधार देणारी पोटातली चरबी कमी असते. आपल्याकडे शेतात, जंगलात राबणाऱ्या किती आया-मावश्या अशाच काटक असतात, बघा.

म्हणून तपासणीत आई कळवळली तर ‘हिला काही सहनच होत नाही’ असं कुणी म्हणू नये. तिथला रस्ताच अवघड आहे. आणि त्यावर उपाय आहेत: लहान मुलांसाठीची बारीक दुर्बीण, हवेऐवजी पाणी सोडत पुढे जाणं, कूस बदलायला लावणं, गुंगीचं औषध. ‘यातलं काय करता येईल?’ हे आधीच विचारता येतं.

‘पिशवी काढली आहे’ हे सांगा

गर्भपिशवी काढली असेल तर ओटीपोटात आतडं चिकटून बसू शकतं. तिथलं वळण घट्ट होतं आणि नळी पुढे सरकताना दुखतं. सिझेरियन किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगावं.

महाराष्ट्रात हा मुद्दा छोटा नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांचं सरकारी सर्वेक्षण झालं, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. ‘आधी काही ऑपरेशन?’ असं विचारल्यावर आपल्या घरच्या बायका ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतात, कारण पिशवीचं ऑपरेशन त्यांच्या हिशेबात पोटाचं ऑपरेशनच नसतं. ते आठवणीनं तुम्ही सांगा.

न बोलण्याची किंमत

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. १०० पैकी ९२ बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८. कमरेखालचं दुखणं बाई अंगावर काढते, हे आपल्याच जिल्ह्यानं जगाला दाखवलं.

आतड्याचंही तसंच होतं. पुरुषाच्या रक्तात लोह कमी निघालं की ‘रक्त जातंय कुठे?’ असा प्रश्न येतो आणि दुर्बिणीचं नाव निघतं. बाईचं हिमोग्लोबिन कमी निघालं की पाळी, बाळंतपण, खाणं नाही, नाहीतर सिकलसेल, असं म्हणून गोळ्या दिल्या जातात. पुष्कळदा कारण तेच असतंही. पण पाळी बंद झालेल्या बाईला लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असेल, तर ते रक्त कुठून जातंय हे शोधायलाच हवं. शौचात रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असेल’ हा अंदाज तर बाई-पुरुष दोघांनाही महागात पडू शकतो.

पुरुषांचं काय? मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि पॉलिप पुरुषांत जास्त आढळतात. दारू आणि धूम्रपान धोका वाढवतात. म्हणजे बाबांची तपासणी सहसा सोपी जाते, पण धोका त्यांना जास्त. बायकांमध्ये हा कॅन्सर उजव्या बाजूला सापडण्याचं प्रमाण तुलनेनं जास्त असतं. उजवी बाजू म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक. दुखतं म्हणून तपासणी अर्ध्यावर थांबली, तर नेमका तोच भाग बघायचा राहतो. म्हणून रिपोर्टमध्ये ‘सीकमपर्यंत पोहोचलो’ असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर पुढे काय, पुन्हा दुर्बीण की सीटी स्कॅनची तपासणी, हे विचारल्याशिवाय घरी येऊ नका.

पोट साफ करण्याची तयारी

पावडर पाण्यात कालवून दोन-चार लिटर प्यायची, मग जुलाब सुरू. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला तर रस्ताच बंद. पावडर पिऊन एसटीत बसणं कुणालाच शक्य नाही, त्यात बाईला तर वाटेत आडोसाही मिळत नाही. म्हणून आदल्या दिवशीच हॉस्पिटलजवळ मुक्काम करा, आणि खोलीला स्वतंत्र संडास असेल असं बघा.

डॉक्टरांना आधी सांगायच्या गोष्टी:

- लोहाच्या गोळ्या चालू आहेत का. त्यांनी शौच काळं, चिकट होतं आणि आतडं नीट दिसत नाही, म्हणून त्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात.
- सिकलसेल आहे का. जुलाबानं अंगातलं पाणी कमी झालं तर सिकलसेलचा त्रास उठू शकतो, म्हणून वेगळी काळजी घ्यावी लागते.
- बद्धकोष्ठता आहे का. ती बायकांमध्ये जास्त असते आणि तयारी वाढवावी लागू शकते.
- दिवस गेलेत का, किंवा तशी शक्यता आहे का. पाळी चालू असली तरी तपासणी होते, फक्त नर्सला सांगून ठेवा.
- गर्भनिरोधक गोळी चालू आहे का. जुलाबात तिचा परिणाम कमी होऊ शकतो.
- रक्त पातळ करणारी किंवा शुगरची औषधं चालू आहेत का. हे बाबांनाही लागू.

लाज आणि हक्क

लेडी डॉक्टर हवी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. ती मिळाली नाही, तरी तपासणीच्या वेळी बाईमाणूस हजर असावं हा बाईचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. अंगावर चादर असते, लागतो तेवढाच भाग उघडा ठेवतात. हे आईला आधी सांगितलं की तिची निम्मी भीती जाते.

आतड्याला भोक पडण्याचा धोका साध्या तपासणीत साधारण हजारात एक किंवा त्याहून कमी. पण नंतर पोट खूप दुखलं, ताप आला किंवा भरपूर रक्त गेलं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. गुंगी दिली असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

आता एक काम. शौचात रक्त, तीन-चार आठवडे बदललेली शौचाची सवय, विनाकारण घटलेलं वजन, गोळ्या खाऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, यातलं काही घरात कुणाला आहे का, हे आज विचारा. बाबा विचारल्यावर सांगतील. आईला दोनदा विचारा, कारण पहिल्यांदा ती ‘काही नाही रे’ असंच म्हणेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.