शिकागो पिकासो

शिकागो पिकासो हे अमेरिकेतील शिकागो शहराच्या डेली प्लाझा या चौकात उभारलेले अमूर्त पोलादी शिल्प आहे. शिल्पकार पाब्लो पिकासो यांनी त्याला नाव दिले नाही. सध्याचे नाव लोकांत रूढ झालेले आहे. शिल्पाची उंची सुमारे १५ मीटर व वजन सुमारे १४७ टन आहे.

निर्मिती

चौकातील नव्या शासकीय इमारतीच्या वास्तुविशारदांनी १९६३ मध्ये हे काम पिकासो यांच्याकडे सोपवले. पिकासो फ्रान्समध्ये राहत. अमेरिकेत ते कधीच गेले नाहीत. त्यांनी १९६५ मध्ये सुमारे एक मीटर उंचीचा नमुना तयार केला आणि त्यावरून इंडियाना राज्यातील गॅरी येथे शिल्प घडवण्यात आले. देऊ केलेले एक लाख डॉलर मानधन नाकारून पिकासो यांनी ही कलाकृती शिकागोच्या जनतेला भेट दिली. १५ ऑगस्ट १९६७ रोजी महापौर रिचर्ड जे. डेली यांनी तिचे अनावरण केले.

शिल्प व मागील इमारत या दोहोंसाठी कॉर-टेन पोलाद वापरले आहे. त्यावर चढणारा गंजाचा घट्ट थर आतील धातूचे रक्षण करतो, त्यामुळे रंग द्यावा लागत नाही.

प्रतिक्रिया

कोणाला यात स्त्रीचे मस्तक दिसले, कोणाला कुत्रा, तर कोणाला माकड. पिकासो यांनी खुलासा केला नाही. (चेहऱ्याचा भास होत असल्याने याला काटेकोर अर्थाने अमूर्त म्हणावे का, हाही प्रश्नच आहे.) नगरसेवक जॉन होलेन यांनी तर ते हटवून तेथे बेसबॉलपटू अर्नी बँक्स यांचा पुतळा बसवण्याची सूचना केली होती.

स्वामित्वहक्काचा वाद

भेट जनतेला मिळाली असली, तरी तिच्या प्रतिकृतींवरील हक्क इमारत बांधणाऱ्या सार्वजनिक आयोगाने स्वतःकडे असल्याचा दावा केला. प्रतिकृती विकू इच्छिणाऱ्या एका प्रकाशन संस्थेने त्याला न्यायालयात आव्हान दिले. तत्कालीन कायद्यानुसार कलाकृती प्रसिद्ध करताना तिच्यावर हक्काची सूचना असणे आवश्यक होते. अनावरणापूर्वीच नमुन्याचे प्रदर्शन झाले होते आणि त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांना वाटली गेली होती, तीही अशा सूचनेविना. मोठ्या शिल्पावर नंतर घातलेली सूचना निरुपयोगी ठरली, कारण ते त्याच नमुन्याची वाढवलेली प्रत होते. १९७० मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने ही कलाकृती सार्वजनिक मालकीची असल्याचा निर्णय दिला. त्यामुळे अमेरिकेत तिची चित्रे व प्रतिकृती कोणालाही परवानगीविना काढता येतात.

मूळ नमुना आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो या संग्रहालयात आहे. चौकातील शिल्पाच्या उतरत्या पायथ्याचा उपयोग मुले घसरगुंडीसारखा करतात.