गाऱ्हाणें कोठें व कसें मांडावें?

शेतांत पीक तयार झालें म्हणजे शेतकऱ्याची काळजी संपली असें होत नाहीं. निफाडचीं द्राक्षें असोत कीं येवल्याचा कांदा असो, मळ्यापासून मोठ्या सडकेपर्यंतचा जो कोस-दीड कोसाचा रस्ता, त्यावर मालाचें भवितव्य अवलंबून असतें. खांचखळग्यांतून गाडी हिसके खात गेली कीं घडांचे मणी गळतात. लासलगांव किंवा पिंपळगांव बसवंत येथील लिलावाची वेळ टळली कीं माल पडून राहतो. जी गोष्ट रस्त्याची, तीच नळाच्या पाण्याची, गटाराची व दाखल्याची. आपण घरपट्टी व पाणीपट्टी देतों, जमीनमहसुलाबरोबर उपकर भरतों. तेव्हां हीं कामें मागणें म्हणजे कोणाचा उपकार मागणें नव्हे.

असें असूनही आमचा बहुतेक शेतकरी आपलें गाऱ्हाणें पारावर बोलून मोकळा होतो. पारावरील कुरकुरीस दप्तरांत जागा नसते. शिवाय तक्रार केली तर पुढच्या कामीं अडवणूक होईल हें भय असतेंच. तें भय सर्वस्वीं खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण मुद्देसूद, लेखी व अनेकांच्या सह्यांनिशीं केलेल्या अर्जापुढें तें पुष्कळ कमी होतें.

पहिला प्रश्न हा कीं, काम कोणाचें? १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामास लागल्या. ग्रामीण रस्ते व इतर जिल्हा मार्ग परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, अशी सामान्य वांटणी आहे. सिन्नर, मनमाड यांसारख्या गांवीं नगरपरिषद आहे, तर नाशिक शहरांत १९८२ पासून महानगरपालिका आहे. चुकीच्या दारीं दिलेला अर्ज टेबलामागून टेबल फिरतो व त्यांत हंगाम निघून जातो.

दुसरी गोष्ट पुराव्याची. अर्जांत ठिकाण, तारीख, किती दिवस पाणी आलें नाहीं, किती नुकसान झालें, हें नेमकें लिहावें. अर्जाची पोंच घ्यावी व नक्कल जपून ठेवावी. १८७० सालीं पुण्यास निघालेल्या सार्वजनिक सभेनें १८७६-७७ च्या दुष्काळांत ठिकठिकाणची माहिती गोळा करून ती सरकारपुढें मांडली. परक्या सरकारापुढें तिला वजन आलें तें आरडाओरडीनें नव्हे, तर माहितीच्या नेमकेपणानें.

दाखले, उतारे यांसारख्या सेवांसाठीं २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेस मुदत ठरलेली असते. ती टळली अथवा अर्ज नाकारला गेला तर तीस दिवसांच्या आंत प्रथम अपील, नंतर दुसरें अपील, आणि शेवटीं सेवा हक्क आयोग, अशा पायऱ्या आहेत. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

परंतु रस्ता किंवा नळ यांबाबत खालच्या सर्व दारीं नकार किंवा मौनच मिळालें तर काय करावें? त्यासाठीं लोकायुक्त आहेत. प्रजेचें गाऱ्हाणें ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याची ही कल्पना १८०९ सालीं स्वीडन देशांत रूढ झाली. आपल्याकडे १९६६ सालीं प्रशासकीय सुधारणा आयोगानें तिची शिफारस केली. महाराष्ट्रानें १९७१ सालीं कायदा केला, आणि २५ ऑक्टोबर १९७२ पासून हें पद प्रत्यक्ष अस्तित्वांत आणलें.

या कायद्यानें दोन प्रकार वेगळे केले. गैरकारभारामुळें आपणांस अन्याय किंवा त्रास झाला तें ‘गाऱ्हाणें’; लांच किंवा अधिकाराचा दुरुपयोग झाला तो ‘आरोप’. गाऱ्हाण्यास, गोष्ट कळल्यापासून बारा महिन्यांची मुदत ठेवली गेली. कोर्टांत दाद मागण्याजोगीं प्रकरणें सामान्यतः येथें चालत नाहींत, असाही दंडक ठेवला. २०२३ च्या डिसेंबरांत विधिमंडळानें या विषयावरील नवें विधेयक मंजूर केलें आहे. म्हणून अर्जापूर्वीं लोकायुक्तांच्या कार्यालयांतून लागू असलेला नमुना व नियम मागवून घेणें शहाणपणाचें.

लोकायुक्त स्वतः रस्ता बांधीत नाहींत, हेंही ध्यानांत ठेवावें. १९७१ च्या कायद्यानें त्यांच्या हातीं चौकशी दिली, दप्तर व साक्षीदार बोलावण्याचा अधिकार दिला. शेवट मात्र शिफारशीवर ठेवला. शिफारस मानली गेली नाहीं तर राज्यपालांकडे विशेष अहवाल, व तेथून तो विधिमंडळापुढें, असा क्रम लावला. कोणी म्हणेल, ही तरवार बोथट आहे. पण ज्या दप्तरांत अर्ज वर्षभर धूळ खात पडतो, तेथें वरून खुलासा मागविणारें पत्र आलें कीं तोच अर्ज वर येतो, हाही लाभ थोडा नव्हे.

म्हणून आमची सूचना एवढीच कीं, प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एक वही ठेवावी. तींत गांवच्या अडचणी तारीखवार लिहाव्या, पोंचा चिकटवाव्या, आणि ग्रामसभेंत त्या वाचून दाखवाव्या. अर्ज कामाविषयीं असावा, माणसाविषयीं नसावा. सूडबुद्धीनें केलेली एक खोटी तक्रार पुढच्या दहा खऱ्या तक्रारींचें वजन घालविते. पावसाळ्यापूर्वीं बांध घालणारा शेतकरी पाणी आल्यावर धांवत नाहीं. रस्त्याचा अर्जही द्राक्षें गाडींत भरल्यावर नव्हे, छाटणीच्या वेळींच जावयास हवा.