चित्रफितीचा रंग आणि वेग

आता बऱ्याच गुरुजींच्या खिशात मोबाईल असतो, आणि मोबाईल म्हटला की छायाचित्रणाचं यंत्र आलंच. समजा, बदलापूरच्या एका शाळेनं अंबरनाथच्या शिवमंदिरावर मुलांसाठी चित्रफीत करायची ठरवली. मंदिर शिलाहारांच्या काळातलं, इ. स. 1060 चं. सकाळी बाहेरचं कोरीवकाम टिपलं, दुपारी सावलीतला मंडप, आणि परवानगी घेऊन पायऱ्या उतरून दिव्याच्या उजेडातला गाभारा. घरी येऊन तुकडे जोडले, तर काय दिसलं? एकच काळा दगड कुठे पिवळा, कुठे निळसर! मुलं विचारतील, गुरुजी, ही तीन देवळं का?

असं का होतं? उजेडालाही रंग असतो. भर दुपारचं ऊन जवळपास पांढरं, सावलीतला उजेड निळसर आणि जुन्या बल्बचा पिवळा. आपले डोळे हा फरक मनातल्या मनात सावरून घेतात. यंत्र मात्र प्रत्येक वेळी आपला अंदाज बांधतं, आणि तो चुकतो. म्हणून प्रत्येक जागी आधी एक पांढरा कागद धरून तो टिपावा. शक्य असेल तर यंत्राचा रंगाचा अंदाज तिथेच कायम करून ठेवावा.

संपादनाला बसल्यावर एक तुकडा नमुना म्हणून निवडा. बाकीचे त्याच्याशी जुळवायचे. आधी उजेड कमी-जास्त करा, मग पांढरा कागद पांढरा दिसेपर्यंत रंग सारखा करा, आणि सर्वांत शेवटी रंगाचा भडकपणा ठरवा. हा क्रम उलटा केलात तर काम पुन्हा पुन्हा करावं लागेल.

आता वेग. चित्रफीत म्हणजे एका सेकंदात 25 स्थिर चित्रं. वेग 200 टक्के केला की लांबी निम्मी होते, 50 टक्के केला की दुप्पट. पण 25 चित्रांवर टिपलेलं दृश्य निम्म्या वेगानं दाखवलं तर मधली चित्रं येणार कुठून? तेच चित्र दोनदा दिसतं आणि हालचाल अडखळते. म्हणून संथ दाखवायचं ते आधीच सेकंदाला 50 चित्रांनी टिपावं. बोलण्याच्या तुकड्याचा वेग मात्र बदलू नये. आवाज किरटा किंवा घोगरा होतो.

वेग वाढवण्याचा खरा उपयोग दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्येच दाखवला. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी रोज थोडी थोडी टिपली, आणि पडद्यावर ते रोप डोळ्यांदेखत वाढलं. आपणही दर 10 सेकंदांनी एक चित्र घेतलं, तर तासात 360 चित्रं होतात, म्हणजे पडद्यावर साधारण 14 सेकंद. शेतातल्या अंकुराचा धडा याहून चांगला कसा शिकवणार?

पण मित्रहो, एक सावधगिरी हवीच. उल्हास नदीला पूर आला आणि आपण तो दुप्पट वेगानं दाखवला, तर पाहणारा घाबरेल. संथ करून दाखवला, तर कोणी पाण्यात पाय घालेल. तसंच, उल्हासनगरच्या बाजूनं वाहणाऱ्या वालधुनीच्या पाण्याचा रंग 'सुंदर' करण्याच्या नादात काळं पाणी निळं केलं, तर तक्रारीचा पुरावाच आपण पुसला! रंग जुळवायचा तो पांढऱ्या कागदाशी, आपल्या इच्छेशी नव्हे. आणि वेग बदलला असेल, तर पडद्यावर तसं स्वच्छ लिहावं.

मूळ तुकडे निराळे जपून ठेवा. दुरुस्ती नेहमी नकलेवरच करा. उद्या कोणी विचारलं, 'गुरुजी, पाणी खरंच असं होतं का?' तर मूळ चित्रफीत दाखवता आली पाहिजे.