सराव प्रश्नपत्रिका शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका

दहावीचे वर्ष लागले की घरात प्रश्नपत्रिकांचा संच येतो आणि पुष्कळ घरांत तो फेब्रुवारीपर्यंत कोराच राहतो. ‘आधी सगळे पाठ होऊ दे, मग सोडवू,’ असे मुले म्हणतात. आईवडिलांनाही ते पटते. मग ऐन परीक्षेच्या तोंडावर कळते की ‘उष्णता’ कच्ची आहे, ‘भिंगे’ समजलेलीच नाहीत. तेव्हा दुरुस्तीला दिवस उरत नाहीत. ‘मला विज्ञान जमत नाही’ असे म्हणून चांगली हुशार मुले विज्ञान शाखेची वाट सोडतात, ती अशी.

पुन्हा पुन्हा वाचले की सारे येते असे वाटते, पण ते टिकत नाही. अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी या संशोधकांनी २००६ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्केच आठवले, लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, चाचणीचे तीन टप्पे ठेवा.

पहिला : धडा संपल्यावर दोन-तीन दिवसांनी पुस्तक मिटून त्यावरचे आठ-दहा प्रश्न लिहा. महिन्याने तेच पुन्हा लिहा.

दुसरा : चार-पाच धडे झाले की त्यांची एकत्र चाचणी घ्या. कोणते सूत्र कोठे लावायचे, हे प्रश्न मिसळल्यावरच कळते.

तिसरा : पूर्ण प्रश्नपत्रिका शेवटच्या दीड महिन्यात, घड्याळ लावून सोडवा. सध्याच्या पद्धतीत विज्ञानाच्या प्रत्येक भागाला ४० गुण व दोन तास आहेत, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. दोन प्रश्नपत्रिका न पाहता या टप्प्यासाठी बाजूला ठेवाव्यात. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र नवी प्रश्नपत्रिका हाती घेऊ नये.

प्रत्येक चाचणीनंतर चुकांची वही भरा. चूक कशाने झाली ते लिहा : समजलेच नव्हते, एकक किंवा चिन्ह चुकले, की वेळ पुरला नाही? भिंगाच्या सूत्रात वस्तूचे अंतर ऋण घ्यायचे राहिले, तर धडा पुन्हा वाचण्याची गरज नाही. तशी पाच उदाहरणे करा. आदल्या दिवशी हीच वही वाचायची.

पालकहो, आपल्याला विज्ञान येत नाही म्हणून मागे राहू नका. उत्तरपत्रिका आपल्याजवळ ठेवा, दोन तास टीव्ही बंद ठेवा, वेळ संपली की पेपर काढून घ्या. व्याख्या व आकृतीची नावे पुस्तकाशी ताडून पाहणे कोणत्याही साक्षर माणसाला जमते. आणि पहिल्या चाचणीत गुण कमी पडले तर रागावू नका. जी चूक ऑक्टोबरमध्ये सापडली, तिला सुधारायला चार महिने मिळाले.