झोपडपट्टीतल्या बायांचा हिशेब

जून २००१ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात जगातल्या शहरांविषयी एक विशेष अधिवेशन भरले होते. देशोदेशीचे सुटाबुटातले प्रतिनिधी ज्या दालनातून ये-जा करीत होते, त्याच दालनात एक नमुन्याचे घर आणि लहान मुलांच्या संडासाचा एक नमुना मांडलेला होता. मांडणाऱ्यांत भारतातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या बाया होत्या. राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान स्वतः तेथे येऊन गेले. संडासाचे प्रदर्शन आणि तेही राष्ट्रसंघात, हे ऐकून वाचकांपैकी काहींना हसू येईल. ज्यांच्या लेकीसुना पुण्या-मुंबईच्या झोपडपट्टीत नांदतात, त्यांना येणार नाही.

आमचे घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातले रेल्वेचे गाव. १९७२ च्या दुष्काळापासून आजपर्यंत या भागातली किती कुटुंबे बोचकी बांधून मुंबई-पुण्याकडे गेली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. कुणी बांधकामावर गेले, कुणी हमालीला, बाया धुण्याभांड्याला. भीमजयंतीला हीच मंडळी पोराबाळांसह गावी येतात. अंगावर नवे कपडे असतात, तेव्हा शहरात बरे चालले आहे असे सर्वांना वाटते. पण चुलीपुढे बसल्यावर सून सासूला सांगते, "आत्याबाई, तिकडं सांच्यापासून पाणीच पीत नसतोत आम्ही. रातच्याला संडासला जायचं लई भ्याव वाटतं." एवढ्या एका वाक्यात झोपडपट्टीचा सगळा प्रश्न आलेला आहे.

राष्ट्रसंघाने झोपडपट्टीची जी व्याख्या केलेली आहे तीही फार वेगळी नाही. घर टिकाऊ आहे काय, एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसे राहतात काय, चांगले पाणी मिळते काय, संडास आहे काय, आणि उद्या कुणी हुसकून लावणार नाही याची खात्री आहे काय, असे हे पाच प्रश्न आहेत. यांतल्या एकाचेही उत्तर उणे आले तर ते घर झोपडपट्टीतले धरले जाते. या कसोटीवर आज जगातली १०० कोटींहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक कुटुंबे तशीच राहत होती.

खेडे हे आपल्या माणसासाठी अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे डबके आहे, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत रोखठोक सांगितले होते. ते स्वतः अनेक वर्षे परळच्या बीआयटी चाळीत राहिले. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी इंग्रज सरकारने १८९८ मध्ये तो काढला. गरिबाच्या घराची काळजी साथ श्रीमंताच्या दारापर्यंत आल्यावरच सुरू झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शहराने आपल्या माणसाला जातीच्या जाचातून पुष्कळसे सोडविले, पण राहायला जागा मात्र नाल्याच्या काठाची दिली.

जगातल्या सरकारांनी या प्रश्नावर पहिली मोठी परिषद कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी भरविली ती मे-जून १९७६ मध्ये. आणि त्याच मे महिन्यात, आणीबाणीच्या काळात, मुंबईतली जनता कॉलनी पाडण्यात आली. अणुशक्ती केंद्राला जागा हवी होती. सुमारे सत्तर हजार माणसे उठवून ट्रॉम्ब्याच्या चीता कॅम्पात नेऊन टाकली. तिकडे ठराव आणि इकडे बुलडोझर, असा हा एकाच महिन्यातला कारभार! त्या जनता कॉलनीचे पुढारी जोकिन अर्पुथम हे कोलारहून पोट भरायला आलेले. त्यांनी राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ उभा केला. १९९६ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या झोपडपट्टीवासीयांचा एक आंतरराष्ट्रीय संघ निघाला, त्यातही ते पुढे होते. त्यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते २०१८ मध्ये वारले.

या महासंघाला खरे बळ दिले ते भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायांनी. स्पार्क ही संस्था १९८४ मध्ये निघाली. १९८५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण फुटपाथवरची झोपडी हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. आता काय करायचे? या बायांनी दगड उचलले नाहीत, वह्या उचलल्या. आपल्याच झोपड्या स्वतः मोजल्या, माणसे मोजली, कोण कुठल्या गावचे ते लिहिले. रोज रुपया-दोन रुपये बचत सुरू केली आणि 'महिला मिलन' नावाची संघटना बांधली. घर केवढे हवे हे ठरविताना त्यांनी साड्यांची मापे धरली. छत १४ फूट उंच ठेवले तर माळा घालता येतो, हे त्यांनी काढले. आम्ही कारकुनी करणारी माणसे. यादी ज्याच्या हातात असते, त्याच्या हातात निम्मा निकाल असतो, हे आम्ही रोज पाहतो. ती यादी या बायांनी आपल्या हातात घेतली.

आता पुण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आमच्या भागातली पुष्कळ मंडळी तिथेच आहेत. १९९२ ते १९९९ या काळात पुण्याच्या वस्त्यांत सार्वजनिक संडासांच्या अवघ्या २२ इमारती बांधल्या गेल्या होत्या. जुन्या संडासांना पाणी नाही, दारे मोडलेली, सफाईला कुणी फिरकत नाही. १९९९ मध्ये त्या वेळचे पालिका आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी (हेच पुढे राज्याचे मुख्य सचिव झाले) पद्धतच बदलली. संडास बांधायचे आणि ते सांभाळायचेही, असे दोन्ही काम एकाच करारात घालून सेवाभावी संस्थांकडून निविदा मागविल्या. दोन वर्षांत २२० आणि २२० अशा ४४० इमारती, दहा हजारांहून जास्त सीट, असा तो कार्यक्रम होता. काही ठिकाणी महिला मिलनच्या बायांनीच बांधकामाचे कंत्राट घेतले. काल विटा वाहणारी बाई आज सिमेंटचा भाव ठरवू लागली.

त्यांनी केलेले बदल ऐकायला साधे आहेत. ते एखाद्या इंजिनिअरला आधी का सुचले नाहीत, हा प्रश्न आम्हाला पडतो. बायांचे आणि पुरुषांचे दार वेगळे, म्हणजे रांगेत धक्काबुक्की आणि टोमणे नकोत. आत उजेड आणि वारा. मुलांसाठी वेगळी, लहान मापाची बैठक, धरायला दांडी. लहान मुलांना मोठी माणसे रांगेतून ढकलून देतात, अंधाऱ्या मोठ्या भोकाची पोरांना भीती वाटते, म्हणून पोरे बाहेर उघड्यावर बसतात, हे आईशिवाय कुणाला कळणार? इमारतीतच राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली, म्हणजे पगार कमी देऊनही माणूस टिकतो आणि संडास ओस पडत नाही. आणि माणशी दर वेळी पैसे घेण्याऐवजी घराला महिन्याचा वीस रुपयांचा पास. पाच-सहा माणसांच्या घराला दर खेपेला रुपया मोजावा लागला तर महिन्याचे रेशन संडासात जाईल, हा हिशेब बायांनीच मांडला.

मुंबईतही जागतिक बँकेच्या कर्जातून १९९५ पासून अशीच योजना चालली. तिथे वस्तीने आधी मागणी करायची, मोठ्या माणसामागे शंभर रुपये आणि घरामागे जास्तीत जास्त पाचशे रुपये भरायचे, मग बांधकाम, असा नियम होता. दोन्ही शहरांत सगळेच संडास चांगले राहिले असे मात्र समजू नये. जिथे समिती नावापुरती होती, तिथे पाच-सात वर्षांत पुन्हा तुंबलेले आणि कुलूपबंद संडास दिसू लागले.

मोठ्या पैशाचे काम कसे बिघडते तेही मुंबईतच पाहायला मिळते. रेल्वे आणि रस्ते वाढविण्याच्या प्रकल्पाला जागतिक बँकेने २००२ मध्ये कर्ज दिले. त्यासाठी एक लाखाच्या आसपास माणसे रुळांच्या आणि रस्त्यांच्या कडेवरून हलविण्यात आली. रुळाशेजारच्या वस्त्या गटागटाने आणि स्वतःची यादी करून गेल्या, हे या कामाचे चांगले अंग. पण रस्त्याकडेच्या लोकांनी आणि दुकानदारांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. मार्च २००६ मध्ये बँकेला काही भागाचे पैसे थांबवावे लागले. गरीब माणूस वॉशिंग्टनपर्यंत अर्ज करू शकतो आणि त्याची दखल घ्यावी लागते, हे आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते.

या लोकांना मिळाल्या २२५ चौरस फुटांच्या खोल्या. पत्ता मिळाला, रुळाचे भय गेले. पण गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख आणि लल्लुभाई कंपाउंडात इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आणि आयआयटी मुंबईने केलेल्या पाहणीत २०१८ मध्ये आढळले की, ऊन-वारा न मिळणाऱ्या या इमारतींत क्षयाचे प्रमाण अधिक आहे. 'शाश्वत शहर' हा शब्द आता भाषणांत फार ऐकू येतो. राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये सतरा उद्दिष्टे ठरविली, त्यातले अकरावे शहरांचे आहे, आणि २०३० पर्यंत सर्वांना सुरक्षित व परवडणारे घर असे त्याचे पहिलेच कलम आहे. ज्या घरात ऊन येत नाही ते पक्के असले तरी शाश्वत कसे, असे आम्ही विचारतो. बिल्डरच्या नकाशावर सही करण्यापूर्वी दोन इमारतींत अंतर किती, एवढे तरी वस्तीने विचारावे.

शहरात राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना कागदाविषयी चार शब्द. महाराष्ट्रात १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्या झोपडीधारकाला पुनर्वसनाचे घर मोफत आहे. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाला ते पैसे भरून मिळू शकते. तेव्हा जुने वीजबिल, मतदारयादीतले नाव, रेशनकार्ड, झोपडीची फोटोपास पावती यांतले काहीही फेकू नये. सर्वेक्षणाची माणसे येतील त्या दिवशी घराला कुलूप असू नये; कामावर जाणे भागच असेल तर शेजारणीला सांगून ठेवावे आणि नंतर यादीत आपला क्रमांक पाहून यावा. घराचा करार नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो, तो तसाच झाला आहे की नाही हे सहीआधी पाहावे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, मग समोरचा आपल्याच गावचा का असेना. आणि या सर्व कागदांच्या झेरॉक्स प्रतींचा एक संच गावाकडच्या घरी ठेवावा. झोपडपट्टीला आग लागते, नाल्याला पूर येतो, आणि मग पुरावा मागणारा साहेब ते कारण ऐकत नाही.